शिळं अक्षर ठेवू नये

शाळेतले फळे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी त्यांच्यातला नाही, मित्रांनो. मी अमडापूरच्या वाचनालयाच्या दाराशी, ओट्यावरच्या भिंतीला टांगलेला एक जुना फळा आहे. माझ्यापुढे कुणाला अंगठे धरून उभं राहावं लागत नाही. येणारा-जाणारा उभ्या उभ्या मला वाचतो आणि आपल्या वाटेनं जातो. तेवढंच माझं काम.

माझं लाकूड सागाचं. मोतीराम सुतारानं एका मोडक्या दाराच्या दोन फळ्या जोडून मला केलं. म्हणजे फळा होण्याआधी मी दार होतो. लोकांना आत घेण्याची सवय मला तेव्हापासूनची आहे. मला भिंतीला ठोकताना मोतीराम म्हणाला होता, "गुरुजी, सांधा पक्का केला. पण लाकूड हाय, उन्हाळ्यात थोडं उलन. मंग मले बोल लावू नका." तो खरं बोलला. माझ्या मधोमध वरून खालपर्यंत एक बारीक चीर आहे. माझ्यावर लिहिणारा माणूस त्या चिरेशी आला की हात किंचित उचलतो आणि पलीकडे टेकवतो.

गुरुजी म्हणजे शालिग्राम गुरुजी, या वाचनालयाचे पहिले ग्रंथपाल. त्यांनी जुन्या सेलमधली काळी पूड आणली, वालाचा पाला ठेचला आणि दोन्ही एकत्र करून मला चार दिवस घासलं. मी काळाभोर झालो. मग त्यांनी हात-पाय धुतले, माझ्या वरच्या कोपऱ्यात 'श्री' लिहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मोतीरामाला एक नियम सांगितला. तो नियम मीही ऐकला.

"दिवेलागणीच्या आत फळा पुसायचा. शिळं अन्न जसं दुसऱ्याले वाढू नये, तसं शिळं अक्षर फळ्यावर ठेवू नये. फक्त 'श्री' पुसायचा नाही."

तेव्हापासून रोज सकाळी माझ्यावर तिथी आणि तारीख लिहिली जायची. खाली नवी आलेली पुस्तकं, त्याखाली वाचून परत आलेली पुस्तकं. लोक वाट पाहायचे ती या दुसऱ्या यादीची. एखाद्या कादंबरीचा दुसरा भाग कुणी घरी नेलेला असायचा, आणि पहिला भाग संपवून बसलेला माणूस रोज माझ्याकडे बघून जायचा. संध्याकाळी ओलं फडकं फिरलं की सगळं गेलं. माझ्यावर काल काय लिहिलं होतं, ते मला आठवायचं नाही. आठवण ठेवणं हे माझं कामच नव्हतं.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. वाचनालयासमोरच एसटीचा थांबा होता. चिखलीची गाडी उशिरा यायची, त्यामुळे मला वाचक आपोआप मिळायचे. डोक्यावर टोपलं घेतलेल्या बाया, बाजाराला निघालेली माणसं, नवरीला आणायला चाललेले पाहुणे, सगळे मला वाचायचे. ज्याला वाचता येत नव्हतं तो शेजारच्याला विचारायचा, "काय म्हून राह्यला फळा आज?" मला बोलता येत नाही, पण माझ्याबद्दल लोक असं बोलायचे, याचं मला बरं वाटायचं.

गुरुजी थकले. मुलाकडे बुलढाण्याला राहायला गेले. जाताना त्यांनी खडूचा डबा आणि फडकं नव्या ग्रंथपाल पुष्पांजलीताईंच्या हातात दिलं.

पुष्पांजलीताईंचा आवाज इतका हळू, की आत कपाटाशी बोलल्या तर ओट्यावर ऐकू येत नाही. सकाळी घरी देवापुढे दिवा लावायचा, मग इथं येऊन ओटा झाडायचा, मग माझ्यावर लिहायचं, हा त्यांचा नेम. संध्याकाळी देवीच्या टेकडीवर दिवे दिसायच्या आत मला पुसायचं, हाही नेमच. सव्वीस वर्षांत तो मोडला नाही. ताप असला तर डोक्याला पदर बांधून यायच्या. सुट्टीच्या दिवशीही यायच्या, 'आज वाचनालय बंद आहे' एवढं लिहायच्या आणि घरी जायच्या. संध्याकाळी तेवढं एक वाक्य पुसायला पुन्हा यायच्या. लोक हसायचे. ताईसुद्धा हसायच्या, पण येणं सोडायच्या नाहीत.

मग रस्ता रुंद झाला आणि थांबा पुढे नव्या वळणावर गेला.

मित्रांनो, माझं कुणी काही वाईट केलं नाही. माझ्यासमोरून फक्त माणसं कमी झाली. सकाळी ताई लिहायच्या, संध्याकाळी पुसायच्या, आणि मधल्या वेळात मला कधी दहा जण वाचायचे, कधी चार, कधी ओट्यावर सावलीला आलेल्या शेळ्याच. एकदा कुणीतरी शिकवणी वर्गाची जाहिरात खळ लावून माझ्या तोंडावर चिकटवली. ताईंनी ती नखानं खरवडून काढली. त्या वेळी माझा थोडा काळा रंगही निघाला.

पोळा झाला आणि वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष गुलाबराव ओट्यावर येऊन बसले. माणूस मनानं वाईट नाही, पण जे बोलायचं ते फटकन बोलतो.

"ताई, राग नका धरू. पण इथीसा येते कोण? पेपर लोकायच्या फोनात हाय. समितीचं ठरलं, दिवाळीपावतर पाहू. वाचक आले तर ठीक, नाईतर हे दार बंद. पुस्तकं हायस्कुलात नेऊन ठेवू."

"अन् बाया?" ताई म्हणाल्या. "वावरातून घरी जाताना बाया इथीसा येतात. त्या हायस्कुलात नाही जायच्या, भाऊ."

"येतात तं दिसू द्या ना मंग! म्या कुठी नाई म्हणतो?"

गुलाबराव गेले. ताई बराच वेळ खडूचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रोज दार उघडायचं, हा सव्वीस वर्षांचा नेम. दारच राहिलं नाही तर नेम कशाचा करायचा? त्या दिवशी माझ्यावर लिहिताना त्यांचा हात चिरेशी अडखळला. एरवी कधी अडखळत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आशाताईंना, म्हणजे आमच्या गावच्या आशा सेविका दीपमाला यांना बोलावून घेतलं. दीपमाला म्हणजे चालतं-बोलतं टपालखातं. बाळंतिणी, लसीकरण, बचत गट, सगळ्यांचे निरोप तिच्या फोनवरून जातात.

"मले ते गटाचं शिकव," ताई म्हणाल्या.

"तुमी? ताई, तुमी तं फोन वाजला तरी दचकता!"

"दचकत दचकत शिकतो ना वं."

वाचनालयाच्या आत फोनला रेंज नाही, ती फक्त ओट्यावर येते. म्हणून ही सगळी शिकवणी माझ्यासमोर झाली. दीपमालेनं व्हॉट्सॲपवर गट केला. नाव काय द्यायचं म्हटल्यावर ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचनालयाचा फळा." जुन्या वहीतून वाचकांचे नंबर काढले. त्रेसष्ट माणसं गटात आली. संदेश कसा लिहायचा, आवाज कसा भरायचा, चुकलं तर कसं काढून टाकायचं, हे दीपमालेनं भराभर दाखवलं. ताईंनी ते एका कागदावर उतरवून घेतलं आणि कागद घडी करून पोथीत ठेवला.

"चुकलेलं सगळ्यायच्याच फोनातून पुसते का?" ताईंनी दोनदा विचारलं.

"हाव. तुमी पुसलं का सगळ्यायचंच पुसलं."

ताईंना हे फार आवडलं. मलाही आवडलं. तिथंच काहीतरी चुकतंय, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नवा नेम सुरू झाला. आधी माझ्यावर लिहायचं, मग पायरीवर बसून तेच फोनमध्ये लिहायचं. पहिला संदेश नुसता 'श्री'. तो पाठवायचा, हात जोडायचे, मग पुढचे. एकेक अक्षर शोधत एका यादीला अर्धा तास लागायचा. पुढे त्या पुस्तकातलं एखादं पान वाचून आवाजही भरू लागल्या. पहिल्या दिवशी मागून शेळी ओरडली, दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. एक पान सात वेळा वाचून झालं तेव्हा कुठं मनासारखं आलं. हळू बोलणाऱ्या माणसाला फोन बरा पडतो, हे मला तेव्हा समजलं. कानाशी धरला की हळू आवाजही पुरतो.

संध्याकाळ झाली. ताईंनी फडकं ओलं केलं, मला पुसलं. मग पदराला हात कोरडे केले, फोन उघडला, आणि 'श्री' तेवढा ठेवून बाकी सगळं सगळ्यांच्या फोनातून पुसून टाकलं. शिळं अक्षर ठेवू नये. पुसलेल्या प्रत्येक संदेशाच्या जागी 'हा संदेश हटवला आहे' अशी एक फिकट ओळ उरली. ताईंनी ती निरखून पाहिली. मला पुसल्यावरसुद्धा खडूची पांढरट झाक राहतेच. त्यांना वाटलं, हे तसंच असेल.

आता तुम्ही हसाल, मित्रांनो. पण तुम्ही फोन हातात घेऊन मोठे झालात. ताई माझ्यासोबत मोठ्या झाल्या. जे माझ्यावर करायचं, तेच त्यांनी फोनवर केलं. शिकवणारा कुणी चुकला असेल तर तो मी.

आणि दिवस कोणते? सोयाबीन सोंगणीचे, म्हणजे कापणीचे. सकाळी अंधारात माणसं वावरात जात, दिवस बुडाल्यावर घरी येत, हात-पाय धुऊन मग फोन हातात घेत. तोवर ताईंनी सगळं पुसलेलं असे. गावात दिवसा असणारे चार-सहा दुकानदार संदेश वाचत, पण त्यांना वाटे की सगळेच वाचत असतील. दीपमालेनं तर गटाचा आवाजच बंद करून ठेवला होता. तिचे असे सोळा गट होते.

पंधरा दिवस झाले. कुणाचं उत्तर आलं नाही. महिना झाला. वाचनालयात येणारी माणसं वाढायची ती उलटी कमी झाली. नेहमीच्या बायाही येईनात. दार उघडं आणि आत पंख्याचा आवाज, असं चालू होतं. ताई रोज फोन उघडून पाहायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "माह्यं लिहिणंच चांगलं नसन." नवरात्रात त्यांनी देवीला काय मागितलं ते मला ठाऊक नाही, पण टेकडीवरून उतरल्यावर त्या सरळ इथं आल्या आणि माझ्यावर नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं. वाचायला कुणीच नव्हतं.

दसरा झाल्यावर एकदा गुलाबराव तावातावानं आले.

"ताई, एक इचारू? तुमी माह्याबद्दल काय लिहून राह्यल्या?"

"मी? तुमच्याबद्दल?" ताई उठून उभ्या राहिल्या.

"रोज पाहून राह्यलो मी. वर 'श्री', खाली तीन-चार गोष्टी, अन् त्या पुसलेल्या. देवाचं नाव घेऊन काय म्हणता अन् मंग भिऊन पुसता? समितीबद्दल काही असन तं तोंडावर बोला. म्या काही वाघ नोहो."

"भाऊ, मी पुस्तकायची नावं लिहितो."

"पुस्तकायची नावं कोणी पुसते का!" गुलाबराव म्हणाले आणि जाताना सांगून गेले, "येत्या रविवारी बैठक हाय. शेवटची."

ताईंच्या हातात फडकं तसंच राहिलं. गुलाबरावांच्या बोलण्यात काहीतरी धागा होता, पण तो त्यांना सापडेना. खोटं बोलल्याचा आळ आला, एवढंच त्यांना लागलं. त्या दिवशी पायरीवर बसून त्या पहिल्यांदा रडल्या. रडणंही हळूच.

धागा सापडला बाजाराच्या दिवशी. उंद्रीच्या बनाबाई वांगी-मिरच्या विकायला येतात. त्या आमच्या जुन्या वाचक. बाजार आटोपला की रिकाम्या टोपल्यात पुस्तक घालून न्यायच्या. पाच बाजार झाले, त्या फिरकल्या नव्हत्या. त्या दिवशी ओट्याखालीच उभ्या राहिल्या. फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक वर ठेवलं आणि मागे वळल्या.

"बनाबाई! ओट्यावर चढसान नाही का?" ताईंनी विचारलं.

"कोणत्या तोंडानं चढू, ताई? पुस्तक लय दिवस राह्यलं माह्याकडं. म्हून तुमी रोज मले लिहिता अन् मंग दया येऊन पुसता. समजते मले. सोंगणी चालू हाय, येणं झालं नाही."

"तुले लिहितो? मी?"

"नाई तं कोणाले? आमच्या उंद्रीच्या तिघीजणी हायेत गटात. तिघींकडं पुस्तकं अडकेल हायेत. तिघींलेही वाटते, आपल्यालेच लिहिलं. लाजेनं येईनात पोरी. मी म्हटलं, मी नेऊन देतो आपलं, पाया पडतो ताईच्या."

ताई पायरी उतरून खाली आल्या. बनाबाईंना त्यांनी त्यांच्या फोनवर गट उघडायला लावला. आपल्या फोनवर रोज दिसायचं तेच तिथंही होतं. पण दुसऱ्याच्या हातात पाहिल्यावर ते वेगळंच दिसलं. श्री. हा संदेश हटवला आहे. हा संदेश हटवला आहे. श्री. हा संदेश हटवला आहे. महिनाभर. एकही पुस्तक नाही, एकही पान नाही. कुणालाही रुसवा वाटावा असं.

"अगं माय," ताई म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या. "मी तर फळा पुसत होतो वं."

तेवढ्यात दीपमाला रस्त्यानं जात होती, तिलाही थांबवलं. तिनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"ताई, फोनात शिळं होत नसते! लोकं आपल्या टायमानं वाचतात. तुमी ताट वाढलं अन् जेवणारा यायच्या आत उचलून नेलं!"

"तू पाहिलं नाही का महिनाभर?"

दीपमाला ओशाळली. "सोळा गट हायेत, ताई. तुमच्यावाला मी बंद करेल व्हता."

बनाबाई मोठ्यानं हसल्या. "घ्या! वैद्याच्याच घरी खोकला!" मग ताईसुद्धा हसल्या, डोळे पुसत.

चूक कळली, मित्रांनो. पण ताईंना अजून एक अडचण होती, आणि ती दीपमालेला कळण्यासारखी नव्हती. अक्षर पुसायचं हा त्यांनी गुरुजींकडून घेतलेला नेम होता. आपल्या मनानं मोडायचा कसा? व्रत सोडायचं तर उद्यापन करतात, ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारतात. गुरुजी बुलढाण्याला, गुडघ्यांनी अधू, वय नव्वदीच्या घरात. ऐकायलाही कमी येतं, त्यामुळे साध्या फोनवर बोलणं होत नाही.

"तोंड दिसलं तं समजन त्यायले," दीपमाला म्हणाली. "व्हिडिओवर लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्यावर लिहून झाल्यावर, ताईंनी स्वतः तो फोन लावला. पलीकडे गुरुजींच्या सूनबाईंनी धरला. ताईंनी सवयीनं फोन कानाला लावला, आणि गुरुजींचा तोच जुना, चिरका आवाज ओट्यावर आला.

"पुष्पा, मले तुह्या कानातली कुडीच दिसून राह्यली. तोंड दाखव."

ताईंनी फोन समोर धरला. पदर सावरून, फोनपुढे वाकून नमस्कार केला. मग झालेलं सगळं सांगितलं. सूनबाई एकेक वाक्य गुरुजींच्या कानाशी मोठ्यानं सांगत होत्या. शेवटी ताई म्हणाल्या, "गुरुजी, फोनातलं अक्षर ठेवलं तर नेम मोडते का?"

गुरुजींनी सूनबाईंना ते पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"तुले मी तो नियम काऊन दिला, हे सांगितलं होतं का?"

"नाही, गुरुजी. शिळं अक्षर ठेवू नये, एवढंच."

"माह्यं चुकलं मंग. ऐक. फळा भिंतीवर लागायच्या आधी मी पाटीवर लिहीत होतो. एका दिवशी लिहिलं, दुसरा भाग परत आला. संध्याकाळी तो भाग कोणी घेऊन गेलं, अन् मी पाटी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी उंद्रीचा एक माणूस कोणाजवळ तरी ती बातमी ऐकून पायी पायी आला. पुस्तक नव्हतं. उन्हाचा आला तसा उन्हाचा गेला. पाणीबी नाही पेला. तवापासून ठरवलं, झालेली गोष्ट फळ्यावर ठेवायची नाही. ते अक्षरासाठी नव्हतं बाई. वाचणाऱ्याच्या पायासाठी होतं."

ताई ऐकत होत्या. मीही ऐकत होतो. इतकी वर्षं मी रोज पुसला गेलो, आणि का, ते मला त्या दिवशी कळलं.

"आता ठेवल्यानं त्यायची चक्कर वाचत असन, तं ठेव," गुरुजी म्हणाले. "फक्त पुस्तक गेलं का खाली लिहीत जा, गेलं म्हून. नेम तोच हाय. अन् मले आधी फळा दाखव. हाय का अजून?"

ताईंनी फोन फिरवला. मित्रांनो, त्या चौकोनात मी गुरुजींना पाहिलं. दात गेलेले, पण डोळे तेच. ते माझ्याजवळ आले, म्हणजे फोनजवळ आले, आणि एकेक ओळ वाचू लागले. मधेच थांबले.

"मोतीरामाची चीर वाढली वं."

"हो, गुरुजी."

"पण 'श्री' अजून माह्याच हातचा दिसते."

"तुमच्याच हातचा हाय. मी फक्त वरून गिरवतो."

गुरुजींनी तिकडूनच 'श्री'ला हात जोडले. मग म्हणाले, "असंच रोज दाखवत जा. मले येणं होत नाही."

फोन ठेवल्यावर ताई तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी 'श्री' सोडून माझ्यावरचं सगळं पुसलं. भर सकाळी, पहिल्यांदाच. आणि एक नवा मजकूर लिहिला. चिरेशी हात उचलून, पलीकडे टेकवून, सावकाश. तो मला अजून पाठ आहे.

'महिनाभर मी गटावर रोज पुस्तकांची नावं लिहिली आणि दिवेलागणीला पुसली. फळा पुसायची सवय होती, म्हणून पुसली. कुणावर राग नव्हता आणि नाही. ज्यांच्याकडे पुस्तकं राहिली आहेत त्यांनी सवडीनं आणावी. रविवारी समितीची बैठक आहे. वाचनालय उघडं ठेवायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार आहे. ज्याला वाटतं त्यानं यावं. — पुष्पांजली.'

लिहून झाल्यावर त्यांनी माझा फोटो काढला. पहिला वाकडा आला. दुसऱ्यात त्यांची सावली आली. तिसरा नीट आला, तो गटावर टाकला. गटात एक माणूस वाढला होता, चौसष्टावा, बुलढाण्याहून.

त्या संध्याकाळी फडकं फिरलं आणि मी नेहमीसारखा कोरा झालो. पण ताईंनी फोनला हात लावला नाही.

रविवारी काय झालं ते सांगतो. फार मोठं काही झालं नाही. मिरवणूक निघाली नाही, भाषणं झाली नाहीत. समितीची चार माणसं आत खुर्च्यांवर बसली होती. आधी उंद्रीच्या तिघीजणी आल्या, पुस्तकं परत घेऊन. बनाबाईंनी सोबत वांगी आणली होती, ती त्यांनी उगाचच गुलाबरावांपुढे ठेवली. मग वावरातून तशाच आलेल्या काही बाया आल्या, एका हातात विळा आणि दुसऱ्या हातात पुस्तक. कुणी पिशवीतून, कुणी पदराखालून. ओटा भरला, पायऱ्या भरल्या. राहिलेली पुस्तकं मोजायला ताईंना वेळच मिळाला नाही, कारण देणारी प्रत्येक बाई दुसरं मागत होती. आणि प्रत्येक बाई एकच वाक्य बोलत होती, "मले वाटलं, मलेच लिहिलं."

गुलाबराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे माह्याबद्दल काहीच नव्हतं?" ते म्हणाले.

"नाही, भाऊ."

"मंग आता लिहा. अध्यक्षानं दार उघडं ठेवलं म्हून. अन् ते पुसू नका बरं."

"फळ्यावरचं तर संध्याकाळी पुसावंच लागन," ताई हळूच म्हणाल्या. "फोनातलं राहील."

दार उघडं राहिलं. पुढच्या दिवाळीला समिती पुन्हा पाहणार आहे, हेही त्याच बैठकीत ठरलं. ते मी लपवून ठेवत नाही. ताईंनाही ते माहीत आहे. त्या रोज येतात.

आता माझा दिवस असा जातो. सकाळी ओटा झाडला जातो, 'श्री' गिरवला जातो, तिथी लिहिली जाते, पुस्तकं लिहिली जातात. मग माझा फोटो. मग कानाशी धरून ऐकायचं एक पान. एखादं पुस्तक गेलं की ताई फोनवर त्या फोटोखाली 'गेलं' असं लिहितात, म्हणजे उंद्रीहून कुणाची चक्कर वाया जात नाही. बुलढाण्याहून रोज दुपारी एक उत्तर येतं. गुरुजी बोटानं काही लिहीत नाहीत, हात जोडल्याचं चित्र पाठवतात. कधी कधी चुकून बाहुलीचंही येतं.

आणि दिवेलागणीला ओलं फडकं येतं. पूर्वी त्या वेळी मला वाटायचं, आजचा दिवस गेला. आता तसं वाटत नाही. माझ्यावरून तो गेलेला असतो, पण बनाबाईच्या टोपल्यात, कुणाच्या खुंटीवरच्या पिशवीत, बुलढाण्याच्या एका उशीखाली तो राहिलेला असतो. इतकी वर्षं ज्याला कालचं काही आठवत नव्हतं, त्याचं कालचं सगळं आता चौसष्ट घरांत आहे.

मित्रांनो, मला तेल लावू नका, जाहिराती चिकटवू नका. ओल्या फडक्यानं पुसा, आणि चिरेपाशी जरा हलक्या हातानं. माझ्यासाठी एवढंच पुरे आहे. पण तुमच्यासाठी एक सांगतो. तुमच्या फोनात कधी एखादी पुसलेली ओळ दिसली, तर ती आपल्यालाच लिहिली होती असं धरून महिनाभर घरी बसू नका. उठा, चपला घाला आणि लिहिणाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन विचारा, "काय लिहिलं होतं?" बहुतेक वेळा ते एखाद्या पुस्तकाचं नाव निघेल.